अनुस्वार गळाला आणि चिंतामणीचा चितामणी झाला: गाडीवरचं रेडियम का सुटतं?

टेम्पो_हडपसर (धागाकर्ता) | १४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचतो, आज लिहायची वेळ आली.

एप्रिलमध्ये जुना छोटा हत्ती घेतला. दोन्ही दरवाजे आणि मागचा फाळका गंजला होता, तेवढ्याचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. केबिनचा पुढचा भाग कंपनीच्याच रंगात आहे, पांढरा. मग रेडियमवाल्याकडून अक्षरं लावली. दोन्ही दरवाजांवर 'श्री चिंतामणी प्रसन्न', काचेखाली गावाचं नाव, फाळक्यावर माझं नाव आणि फोन, बंपरवर 'आईचा आशीर्वाद'.

सहा आठवड्यांनंतरची परिस्थिती सांगतो. बंपरवरचा 'आशीर्' आठव्या दिवशीच गेला, रफारासकट. तिथे आता 'आईचा वाद' एवढंच राहिलंय आणि घरात कुणी त्यावर हसत नाही. डाव्या दरवाजावरच्या 'चिंतामणी'चा अनुस्वार पडला. वडील थेऊरला दर चतुर्थीला जाणारे. सकाळी दूध आणायला खाली उतरले, दरवाजावर 'चितामणी' वाचलं आणि तसेच वर आले. मला उठवून म्हणाले, "गाडी आज बाहेर काढू नकोस."

रेडियमवाला म्हणतो रंग खराब. रंगवाला म्हणतो रेडियम हलकं. चूक कुणाची?

मठ्ठा_जिलबी | १४ जून, रात्री १०:०५

'आईचा वाद' 😂😂 माफ करा, पण फोटो टाकाच.

चिता आणि चिंता यांच्यात एका टिंबाचा फरक, हे शाळेत सुभाषितात शिकलो होतो. तुमच्या दरवाजाने प्रात्यक्षिक दिलं.

रेडियम_दादा | १४ जून, रात्री १०:४०

बावीस वर्षं हाच धंदा करतोय. आधी कात्रीने कापायचो, आता प्लॉटर (संगणकावरून अक्षरं कापणारं यंत्र). तेव्हा थोडं अधिकाराने बोलतो.

भाऊ, निघालेलं अक्षर फेकलंत का? नसेल तर फेकू नका. पडलेल्या अक्षराची पाठ बघा, सगळं तिथेच कळतं. पाठीला हात लावून बघा, गोंद अजून चिकटतोय का? की गोंद गाडीवर राहिला आणि पाठ कोरडी पडलीय? की पाठीला रंगाचा पापुद्रा आलाय?

गोंद अक्षरावरच असेल आणि चिकटही असेल, तर तो गाडीला कधी नीट धरलाच नव्हता. पृष्ठभागावर काहीतरी होतं, किंवा पृष्ठभागच तसा होता. गोंद गाडीवर राहून नुसतं प्लॅस्टिक निघालं असेल, तर माल हलका किंवा उन्हाने मेलेला. आणि रंगच पाठीला आला असेल तर माझ्या जातभाईला सोडून द्या आणि पेंटरला धरा.

फवारणी | १४ जून, रात्री ११:१५

पेंटरला धरा काय? गॅरेजवाला आहे म्हणून राहवत नाही. रंग गाडीवरून सुटला तर माझी चूक, मान्य. खाली गंज ठेवून वर प्रायमर मारला, किंवा घासायच्या आधीच रंग ओढला, तर स्टिकरबरोबर पापुद्रा येणारच. पण नव्वद टक्के वेळा गोष्ट वेगळी असते. टेम्पो_हडपसर, दोन प्रश्न. रंग एनसी (नुसतं थिनर उडून वाळणारा) होता की टू-के (हार्डनर मिसळून मारायचा)? आणि रंग मारल्यावर किती दिवसांनी अक्षरं लावलीत?

टेम्पो_हडपसर | १५ जून, सकाळी ७:२०

टू-के, बिलावर लिहिलंय. किती दिवसांनी ते आठवून सांगतो.

अक्षरांच्या पाठी बघितल्या. बायकोने सगळी एका डबीत ठेवली होती (देवाचं नाव कसं फेकायचं म्हणून).

बंपरचा 'आशी': पाठ चकचकीत, अजून बोटाला चिकटतेय. माझ्या फोनच्या कव्हरला लावून बघितलं, तिथे मस्त बसला.

दरवाजाचा अनुस्वार आणि 'प्र': चिकट आहेत, पण पाठीला बारीक बारीक गोल डाग, देवीच्या व्रणांसारखे. दरवाजावर जी अक्षरं अजून आहेत त्यांच्याखाली फुगे आहेत, मोहरीएवढे.

फाळका: अक्षरं पडली नाहीत, पण शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना काळी रेघ उमटलीय. आणि शिरोरेषेत मधेमधे बारीक फटी.

काचेखालचं गावाचं नाव: जसंच्या तसं. एक कोपरासुद्धा वर नाही.

काकूंची_प्रयोगशाळा | १५ जून, सकाळी ९:००

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका इथे चहाचा कप घेऊन बसली आहे. बंपरचं कोडं सर्वांत सोपं, तेवढं मी सोडवते.

रेडियमचा गोंद म्हणजे ॲक्रिलिक. तो फेविकॉलसारखा वाळून घट्ट होत नाही. कायम ओलसर, दाटसर राहतो, अगदी हळू वाहणाऱ्या काकवीसारखा. दाबलं की तो पृष्ठभागावर पसरतो, बारीक खाचांत शिरतो आणि धरतो. पसरायला त्याला वेळ लागतो, म्हणून लावल्या लावल्या अक्षर सहज निघतं आणि दुसऱ्या दिवशी नखं तुटतात.

पण पसरायचं की नाही हे पृष्ठभाग ठरवतो. नवीन बिनतेलाच्या लोखंडी तव्यावर पाणी पसरतं, नॉनस्टिकवर त्याचे मणी होतात. तोच प्रकार. याला पृष्ठऊर्जा म्हणतात. नॉनस्टिकचं टेफ्लॉन १९-२० च्या आसपास, तुमच्या बंपरचं पॉलिप्रॉपिलिन ३० च्या आसपास (मिलिन्यूटन प्रति मीटर), रंगवलेला पत्रा त्याहून बराच वर. साधा गोंद तिशीच्या प्लॅस्टिकवर पसरायला तयारच होत नाही. त्यात तो काळा बंपर खरखरीत असतो, म्हणजे गोंद नुसता टेकाडांच्या माथ्यावर बसतो. अशा प्लॅस्टिकसाठी वेगळ्या गोंदाचा माल मिळतो, नाहीतर बंपरवर काही लावूच नये.

तेव्हा 'आशीर्वाद' गेला तो कुणाच्या चुकीने नाही, जागाच चुकली. 'वाद' का राहिला ते मात्र माझ्या शास्त्रात बसत नाही.

मठ्ठा_जिलबी | १५ जून, सकाळी ९:१०

वाद कुठेही टिकतो काकू, त्याला पृष्ठऊर्जा लागत नाही.

रेडियम_दादा | १५ जून, दुपारी १:३०

काकूंना नमस्कार. बावीस वर्षांत कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आम्हाला नुसतं ठाऊक, बंपरवर गॅरंटी द्यायची नाही.

फाळक्याचं मी सांगतो, आणि माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतो. काळी रेघ म्हणजे अक्षर आकसलंय. गोंद होता तिथेच राहिला, वरचं प्लॅस्टिक अर्धा-एक मिलिमीटर आत गेलं. उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसली की रेघ दिसते.

आपलं रेडियम म्हणजे विनाइल नावाचं प्लॅस्टिक, ते दोन जातींचं येतं. एक गरम रोलरमधून लाटून काढलेलं, साधारण ८० मायक्रॉन जाड. दुसरं पातळ घोल कागदावर ओतून भट्टीत वाळवलेलं, ५० मायक्रॉनच्या आसपास, त्याला कास्ट म्हणतात. लाटलेल्याच्या अंगात ताण राहतो. पोळी लाटल्यावर कशी परत मागे येते, तसं. मे महिन्यात पत्रा तापला की त्याला आपला जुना आकार आठवतो. ओतलेल्याला कुणी ओढलेलंच नसतं, म्हणून ते जागेवर राहतं. लाटलेल्यातही बरा आणि अगदी हलका असे दोन प्रकार आहेत. दुकानाच्या पाटीला, सपाट आणि सावलीत, हलका माल दोन वर्षं मजेत जातो. गाडीला नाही.

आता शिरोरेषेतल्या फटी. हा खास मराठी आजार आहे, इंग्रजी अक्षरांत दिसणार नाही. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते, टोकाला टोक किंचित चढवलेलं. पडद्यावर सलग दिसतं. पण कोरलमध्ये (अक्षरं मांडायचं सॉफ्टवेअर) सगळी अक्षरं निवडून वेल्ड, म्हणजे जोडून एकसंध, केली नाहीत, तर प्लॉटरची सुरी प्रत्येक जोडावर कापते. 'प्रसन्न'ची एक अखंड रेघ होण्याऐवजी तीन तुकडे होतात आणि जोडाजवळ तांदळाच्या कणीएवढे त्रिकोण पडतात. काना, वेलांटी, मात्रा जिथे चिकटते तिथेही तेच. प्रत्येक कापलेली कड म्हणजे पाण्याला दार. शिकाऊ पोरगा घाईत असला की हे हमखास होतं.

आणि अनुस्वार नेहमी पहिला का जातो? त्याला शेजारी नाही. रफाराला, वेलांटीला निदान एका बाजूला आधार असतो. टिंब बिचारं एकटं, जागा लहान आणि सगळीकडून कड. मी दीड इंचाखालच्या अक्षरांना टिंब मुद्दाम जरा मोठं ठेवतो. गिऱ्हाइकाला कळतही नाही.

ब्रशवाला_कोल्हापूर | १५ जून, दुपारी ४:००

ऐकून हसू यायला लागलंय. ह्यो समदा खेळ कशापायी? ऑइल पेंट घ्या, तीन नंबरचा ब्रश घ्या, सरळ लिवा. आमच्या वडलांनी लिवलेले ट्रक भंगारात गेले पण अक्षर गेलं न्हाई. वेल्ड न्हाई, गोंद न्हाई. अनुस्वार ब्रशच्या टोकानं टेकला की संपला विषय.

फवारणी | १५ जून, दुपारी ४:२५

ब्रशवाले, तुमच्याबद्दल आदर आहे, पण चकचकीत क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) न घासता त्यावर ऑइल पेंट लिहिलंत तर तोही पापुद्र्याने निघतो. जुन्या ट्रकचा रंग मॅट असायचा, म्हणून धरायचा.

ब्रशवाला_कोल्हापूर | १५ जून, दुपारी ४:४०

आमी घासतो की. बाराशेच्या पेपरनं, अक्षरापुरतं. न घासता लिवणाऱ्याला आमच्याकडं पेंटर म्हणत न्हाईत.

नुसताच_वाचक | १५ जून, संध्या. ६:१०

अवांतर: याला रेडियम का म्हणतात? खरं रेडियम मेरी आणि पिएर क्युरी यांना १८९८ मध्ये सापडलं. नंतर घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणून त्याचा रंग वापरत. आपल्याकडे रात्री चमकतं ते सगळं रेडियम झालं, आणि मग न चमकणारं साधं स्टिकरही. आपल्या रेडियममध्ये रेडियमचा कणही नसतो. रात्री दिव्यात उजळणाऱ्या पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात, ते प्रकाश आला तिकडेच परत पाठवतात.

रेडियम_दादा | १५ जून, संध्या. ६:५५

त्या चमकणाऱ्या पट्टीचीही तक्रार लिहून घ्या. ती अनेक थरांची, जाड आणि ताठ असते. कापलेल्या कडेतून थरांमध्ये पाणी शिरलं की आतून काळी पडते. म्हणून कडेला सीलर लावायचा असतो. कोण लावतो?

बाकी नंबरप्लेटचं काम २०१९ च्या १ एप्रिलपासून नव्या गाड्यांना सरकारी प्लेट आल्यापासून गेलंच. आता देवाच्या नावावर पोट.

फवारणी | १५ जून, रात्री ८:३०

धाग्याचं काश्मीर व्हायच्या (म्हणजे विषय भरकटायच्या) आत माझा प्रश्न परत विचारतो. रंग मारल्यावर किती दिवसांनी?

टेम्पो_हडपसर | १५ जून, रात्री ९:४५

सांगतो. तिसऱ्या दिवशी.

अक्षय्य तृतीयेला गाडी रस्त्यावर आणायची होती. पेंटरने "महिनाभर काही चिकटवू नका, पॉलिश नका मारू" असं म्हटल्याचं आता आठवतंय. तेव्हा हात लावला तर कोरडं लागत होतं, मला वाटलं स्वतःच्या गॅरंटीसाठी बोलतोय.

फवारणी | १५ जून, रात्री ९:५५

😐

काकूंची_प्रयोगशाळा | १५ जून, रात्री १०:२०

देवीचे व्रण उलगडले.

टू-के म्हणजे दोन घटक, रंग आणि हार्डनर. त्यांची आपसात प्रक्रिया होऊन पॉलियुरेथेनचं जाळं विणलं जातं. संध्याकाळपर्यंत वरची साय धरते, बोटाला कोरडी लागते. पण खालचं थिनर अजून बाहेर पडत असतं आणि जाळं विणणं चालूच असतं. भट्टीत ६० अंशांना भाजलेला रंग लवकर तयार होतो. उघड्यावर वाळलेल्याला जाणकार तीन-चार आठवडे देतात.

तुम्ही तिसऱ्या दिवशी त्यावर प्लॅस्टिक चिकटवलंत. वाफ वर आली, विनाइलने अडवली, गोंद जागोजागी उचलला गेला. मोहरीएवढे फुगे ते हेच. शिवाय थिनरची वाफ गोंदात मुरून तो मऊ पडतो. वरून मे महिन्याचं ऊन: पत्रा तापून प्रसरण पावतो, विनाइल म्हणजे पीव्हीसी त्याच्या कितीतरी पट जास्त. रोज ओढाताण. कडा आधी हरतात.

उलट काचेखालचा रंग कारखान्यात भाजलेला आणि बरीच वर्षं मुरलेला. तोच माल, तेच हात, तोच दिवस, आणि एक कोपराही उठला नाही. दरवाजांपुरतं तरी रेडियमवाला निर्दोष ठरतो.

रेडियम_दादा | १५ जून, रात्री १०:५०

पूर्ण निर्दोष नाही काकू. त्याने विचारायला हवं होतं. मी रंगाचा वास घेतो. दार उघडून आतल्या कडेला, जिथे दिसत नाही तिथे, नख दाबतो. नख रुतलं किंवा थिनरचा वास आला तर गिऱ्हाइकाला परत पाठवतो. तो शिव्या देत शेजारच्या दुकानात जातो ही गोष्ट वेगळी.

मठ्ठा_जिलबी | १६ जून, सकाळी ८:१५

माझ्या स्कूटरचं नाव मात्र पाच वर्षं जुन्या रंगावरूनही महिन्यात सुटलं. ते कसं?

रेडियम_दादा | १६ जून, सकाळी ११:००

लावायच्या आधी सर्व्हिसिंगला टाकली होती का? तिथे चमक यावी म्हणून जे फवारतात त्यात सिलिकॉन असतं. वॅक्स, टेफ्लॉन कोटिंग, सिरॅमिक कोटिंग, सगळ्यांचा उद्देशच मुळी काही चिकटू नये हा. मग रेडियम कसं चिकटेल?

आणि पुसतात कशाने? रॉकेलने! रॉकेल धूळ काढतं आणि स्वतः तेलकट थर ठेवून जातं. आधी शांपूच्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. एक फडकं ओलं, दुसरं कोरडं. ओल्याने पुसलं की स्पिरिट उडून जायच्या आत कोरड्याने उचलायचं, नाहीतर विरघळलेला मेण तिथेच परत बसतो. नंतर पाणी शिंपडून बघा. टपोरे मणी होऊन पळालं तर अजून मेण आहे. चादरीसारखं पसरलं तर पुढे जा.

पावसाळ्यात साबणपाण्यावर अक्षर सरकवत बसवायची पद्धत मी बंद करतो. हवा दमट, आतलं पाणी निघत नाही. करायचंच तर लिटरला शांपूचे दोन थेंब. काही पोरं फेस काढतात फेस! तो साबण गोंदाखाली कायमचा राहतो.

टेम्पो_हडपसर | १६ जून, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. आता उरलेलं कसं काढू? ब्लेड चालेल?

फवारणी | १६ जून, रात्री ९:४०

ब्लेडला हात लावलात तर माझ्याकडेच यावं लागेल. घरातला हेअर ड्रायर घ्या. अक्षर हाताला सोसेल एवढं गरम करा, कोपरा नखाने उचला आणि स्वतःवरच उलटा दुमडून हळूहळू ओढा. सरळ बाहेर खेचू नका, रंग येईल. राहिलेल्या गोंदाला निलगिरीचं तेल लावा, दहा मिनिटं थांबा, पुसा, मग शांपूने तेल धुवा. थिनर अजिबात नाही. एनसी रंग तर थिनरने विरघळतोच.

रेडियम_दादा | १६ जून, रात्री १०:१५

नवीन लावताना एवढं बघा. कास्ट मागा. शिरोरेषा अखंड आहे का ते कापल्यावर बोट फिरवून बघा. टोकदार कोपरे थोडे गोल करून घ्या. दरवाजाच्या खोबणीवरून अक्षर जात असेल तर ओढून ताणून बसवू नका, ताणलेलं परत येतंच. ट्रान्सफर टेप (अक्षरं उचलून गाडीवर बसवायची चिकटपट्टी) काढल्यावर नुसत्या अक्षरांवर पुन्हा एकदा पट्टी दाबून फिरवायची, विशेषतः टिंबांवर. ही शेवटची फेरी सगळे विसरतात, कारण तोवर अक्षर दिसायला लागलेलं असतं आणि गिऱ्हाईक फोटो काढत असतं. आणि तीन दिवस प्रेशर वॉश नाही. नंतरही नोझल हातभर लांब आणि समोरून. तिरकं मारलं की पाणी कडेखाली पाचरीसारखं घुसतं.

ब्रशवाला_कोल्हापूर | १६ जून, रात्री १०:३०

किंवा कोल्हापूरला या. अर्ध्या तासाचं काम. चा आमच्याकडं.

टेम्पो_हडपसर | २९ जून, रात्री ८:५०

अपडेट. माझ्या रेडियमवाल्याला धागा वाचायला दिला. बराच वेळ वाचत बसला, मग म्हणाला, कास्ट घाला, मजुरी घेत नाही. बंपर मी कायमचा कोरा ठेवतोय. आई म्हणाली, आशीर्वाद लिहून द्यायची गोष्ट नाही.

पण काम पुढच्या आठवड्यात होणार होतं आणि वडील 'चितामणी'वाली गाडी दारात उभी करू देईनात. शेवटी बायकोने दरवाजावरची ती जागा तिच्या नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायला घेतली. मी ओरडून थांबवलं, मग सॅनिटायझरने पुसली. आणि अनुस्वाराच्या जागी स्वतःची टिकली लावली. मरून रंगाची, साधी, मधल्या आकाराची. ही गोष्ट १७ तारखेची. त्यानंतर चार मोठे पाऊस झाले, सासवडच्या दोन फेऱ्या झाल्या. टिकली अजून टिकून आहे.

काकूंची_प्रयोगशाळा | २९ जून, रात्री ९:१५

टिकेलच! तोवर रंगाला सात आठवडे होत आले होते, पृष्ठभाग स्पिरिटने पुसलेला, आणि आकार गोल, एकही कोपरा नाही. तुमच्या सौभाग्यवतींनी न वाचता सगळी पथ्यं पाळली. (रिमूव्हर वगळता. ॲसिटोनपासून रंग वाचवलात हे बरं केलंत.)

रेडियम_दादा | २९ जून, रात्री ९:४०

वहिनींना विचारा, कुठल्या दुकानातून घेतात. एक पाकीट आणून ठेवतो.